भोक नसलेला फोन

आवाज बारीक येत होता, म्हणून मी वाढवला. तरी बारीकच. आणखी वाढवला. फोनवर नेहमीची सूचना आली, एवढा आवाज कानांना घातक ठरू शकतो, आणि मी नेहमीसारखं 'ठीक आहे'वर बोट ठेवून तिला हाकलून दिलं. डॉक्टर मॅडमचं डिक्टेशन पुढे चाललं होतं. रुग्ण पुरुष, वय पंचावन्न, व्यवसाय शिक्षक. मी टाइप केलं. गेली दोन वर्षं लघवीवर ताबा राहत नाही. टाइप केलं. पॅड वापरतात, वर्गात शिकवताना दोनदा कपडे खराब झाले, पत्नीला अद्याप कल्पना दिलेली नाही. तेही केलं, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट.

टाइप करणारा माणूस मान खाली घालून बसतो. समोरच्या बाकांवर सात माणसं होती आणि सातही जण बोलायचे थांबले होते, ते मला दिसलं नाही. मग एक हात आडवा आला. ड्रेसिंगच्या खोलीतून सिस्टर धावत आली होती. एका हातात अर्धी कापलेली चिकटपट्टी तशीच होती. दुसऱ्या हाताने तिने फोन उचलला आणि पोटाशी पालथा दाबून धरला. मी कानांवरचे हेडफोन काढले, आणि तेव्हा मला समजलं. मॅडमचा आवाज सिस्टरच्या एप्रनमधूनसुद्धा अख्ख्या खोलीत ऐकू येत होता. कृपया तपासून योग्य तो सल्ला द्यावा, ही विनंती.

सर शेवटच्या बाकावर, खिडकीकडे बसले होते. गणिताचे सर. तज्ज्ञाला दाखवायच्या ज्या पत्राची ते वाट बघत होते, ते त्यांना सगळ्यांदेखत वाचून दाखवलं गेलं होतं. त्यांच्या शेजारी त्यांच्याच शाळेतल्या नववीतल्या मुलीची आई होती. थोड्या वेळापूर्वी तिने, सर तुम्ही इकडे कसे, असं विचारलं होतं आणि सरांनी ब्लडप्रेशरचं निमित्त सांगितलं होतं, हे मला सिस्टरकडून नंतर कळलं. सर उठले. शर्ट खाली ओढून सारखा केला. फाइल काखेत घेतली. माझ्या टेबलासमोरून जाताना त्यांनी मला नेहमीसारखी मान लववली, आणि दार हलकेच लावून घेऊन ते गेले. शिव्या देऊन गेले असते तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

मी या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं टाइप करतोय. आधी मोठे डॉक्टर होते, मॅडमचे वडील. तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलायचे. कॅसेट असायची, पायाशी पेडल असायचं, आणि त्यांचं ते गुळगुळ बोलणं अख्ख्या गावात एकट्या मला कळायचं. त्यांच्या बायकोलासुद्धा नाही, असं ते स्वतःच सांगायचे. कुणी पाहुणा डॉक्टर आला की मला बोलावून घ्यायचे आणि म्हणायचे, हे आमचे कान. मी वरवर लाजायचो आणि आतून फुगायचो. पुढे मॅडम आल्या. मी त्यांना शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं, त्यामुळे त्या मला काका म्हणतात. कॅसेट गेली, रेकॉर्डर आला, तोही गेला. आता पेशंट केबिनमधून बाहेर पडला की मॅडम स्वतःच्या फोनवर दोन मिनिटं बोलतात, ते माझ्या टेबलावरच्या फोनवर येतं, मी ऐकून पत्र टाइप करतो आणि पेशंट ते घेऊनच घरी जातो. माझं टेबल वेटिंग रूमच्या कोपऱ्यात आहे. मध्ये कमरेएवढी लाकडी फळी आहे. त्या फळीच्या अलीकडचं पलीकडे जात नाही, या भरवशावर दवाखाना चालतो.

महिन्याभरापूर्वी जुना फोन बंद पडला आणि मॅडमनी नवा आणला. मी तो चहूबाजूंनी फिरवून पाहिला. हेडफोनचं भोक नव्हतं. वर नाही, खाली नाही, कुशीत नाही. डब्यात काहीतरी सोय असेल म्हणून डबा उपसला, तर चार्जिंगची वायर, सिम काढायची सुई आणि बारीक अक्षरांत छापलेला घडीचा कागद. दुकानात गेलो. दुकानदाराने समजावलं की हल्ली भोक कुणी देत नाही, भोकाऐवजी लागणारा कनेक्टरही डब्यात टाकत नाहीत, तो वेगळा घ्यायचा. म्हणजे आधी कान कापायचे आणि मग डूल विकायचे, असं मी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, काका, तुम्ही बिनवायरचे घ्या, सगळे तेच घेतात.

मॅडमही तेच म्हणाल्या होत्या. मी दोघांनाही सांगितलं, ते चार्ज करायची कटकट, शिवाय कानातून गळून पडतात. ही लोणकढी थाप होती. दुकानात मी ते वाटाण्याएवढे दोन मणी कानात घालून पाहिले होते. दुकानदाराने गाणं लावलं, मला गाण्यातला ठेका तेवढा आला. शब्द एकही नाही. माझे जुने हेडफोन म्हणजे दोन जाडजूड वाट्या, पूर्ण कान झाकणाऱ्या. त्यांतून आवाज असा आत ढकलला जायचा की ऐकू न येऊन सांगता कुणाला. गेली दोन वर्षं मी त्या वाट्यांच्या जिवावर कान म्हणून मिरवत होतो. त्या गेल्या असत्या तर झाकली मूठ उघडली असती. म्हणून कंपनीचा कनेक्टर मागवायला आठ दिवस लागतील म्हटल्यावर मी कोपऱ्यावरच्या टपरीतून एक घेतला. वायर उजवीकडे मुडपून ठेवली की तो चालायचा. तीन दिवस नीट चालला. चौथ्या दिवशी फोनने त्याला ओळखच दिली नाही आणि सगळा आवाज स्वतःच्या स्पीकरमधून बाहेर सोडला. फोन मी स्टँडवर, फळीला टेकवून ठेवला होता.

मॅडम केबिनमधून बाहेर आल्या तेव्हा सिस्टरने त्यांना सगळं सांगितलं. मग त्या चिडल्या, आणि चिडल्या त्या फोनच्या कंपनीवर. एवढा महागाचा फोन करतात आणि एक भोक द्यायचं यांच्या जिवावर येतं, वरून साधा कनेक्टर डब्यात टाकत नाहीत. बाकांवरच्या माणसांनाही कुणालातरी बोल लावायचाच होता, तेही सुरू झाले. एकाचा जावई याच भानगडीत नवा फोन परत करून आला होता. एक आजोबा म्हणाले, टपरीवरचा माल म्हणजे असाच. नववीच्या मुलीची आई मात्र तिच्या फोनमध्ये बघत होती, आणि तिचे अंगठे हलत होते.

मॅडमनी केबिनमध्ये जाऊन सरांना फोन लावला. दार उघडंच होतं. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. मॅडमनी मनापासून माफी मागितली आणि म्हणाल्या, "आमच्या काकांचा यात काही दोष नाही सर. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्याकडून एक शब्द बाहेर गेलेला नाही. यंत्रानं दगा दिला."

हे त्या जोरात बोलल्या, त्यामुळे मला ऐकू आलं. मी प्रिंटरमध्ये कागद भरू लागलो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी दुसऱ्यांसाठी आयुष्यभर वापरली होती.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर सिस्टर माझ्या टेबलापाशी आली. ती तीस वर्षांची आहे, फटकळ आहे, आणि माझ्यावर तिचा जीव आहे. तिच्या हातात प्रिंटरमधून आलेला कागद होता.

"काका, सरांचं पत्र पूर्ण टाइप झालंय."

मी हो म्हणालो.

"हेडफोनमध्ये तर काहीच येत नव्हतं ना? सगळं बाहेर येत होतं. मग तुम्ही हे कशावरून टाइप केलंत?"

मी म्हणालो, थोडं थोडं येत होतं. तिने माझे हेडफोन उचलले, स्वतःच्या कानांवर चढवले आणि फोनवर हवामानाच्या बातम्या लावल्या. कनेक्टर तसाच लावलेला होता. बातम्या साऱ्या खोलीभर झाल्या. तिने फोन बंद केला, हेडफोन काढून ठेवले. वाट्यांमध्ये काही म्हणजे काही येत नव्हतं. जे मी टाइप केलं होतं, ते मी त्या सात माणसांसारखंच, खोलीतूनच ऐकलं होतं. फक्त त्यांना जे ओरडल्यासारखं वाटलं, ते मला कुजबुजल्यासारखं वाटलं आणि म्हणून मी आवाज वाढवत गेलो. धड कानाच्या माणसाने पहिल्या वाक्यालाच हेडफोन फेकून दिले असते.

सिस्टरला हे कळलं. कळलेलं तिच्या तोंडावर दिसलं. ती एक शब्द बोलली नाही, पत्राची घडी घालून पाकिटात घातली आणि पाकीट माझ्यासमोर ठेवून निघून गेली. फटकळ माणूस गप्प बसतो, तेव्हा आपली पत किती राहिली आहे ते समजतं.

घरी बायकोला मी टपरीवाल्याची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली, कंपन्यांना दोन शिव्याही घातल्या. ती भांडी विसळत होती, पाठ माझ्याकडे. माझं सांगून झालं, मी पेपर उघडला. मग ती हात पुसत माझ्यासमोर येऊन खुर्चीवर बसली. हल्ली ती अशीच समोर येऊन बसते आणि मग बोलते. आधी चालता चालता, स्वयंपाकघरातून, बाथरूममधून बोलायची. कधीपासून बदललं ते मी लक्षातच घेतलं नव्हतं.

"मी आत्ता तुम्हाला तीनदा हाक मारली," ती म्हणाली.

मी म्हणालो, नळ चालू होता.

"नळ मी बंद केला होता. दोन वर्षं मी तुमच्यासमोर येऊन बोलतेय. मला वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल, मी कशाला पाणउतारा करू. पण ते सर कुणाचे तरी नवरे आहेत हो."

एवढंच म्हणाली आणि उठून गेली. मी पेपर धरून बसलो, पण वाचलं काही नाही. ती गेल्यावर एकटाच ओशाळून बसलो होतो, आणि आपल्याच घरात ओशाळण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी केबिनमध्ये गेलो आणि मॅडमना खरं सांगितलं. माझी अशी समजूत होती की त्या रागावतील, किंवा नाही नाही काका म्हणून सावरून घेतील. दोन्हींची मी तयारी केली होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, दोन वर्षं.

"दोन वर्षांत किती पत्रं टाइप केलीत काका?"

मला हिशेब करता आला नाही. मग त्या काय विचारताहेत ते कळलं. गोळी पंधरा मिलिग्रॅमची की पन्नासची. सकाळी की संध्याकाळी. जिथे ऐकू आलं नाही तिथे मी अंदाजाने भरलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीवर माझा एवढा विश्वास होता, की तो अंदाज आहे हेही मला वाटायचं नाही. मॅडमनी त्या दिवसापासून जुन्या फायली काढून बसायला सुरुवात केली. आतापर्यंत दोन चुका सापडल्यात. दोन्ही किरकोळ निघाल्या, एकात फोननंबर आणि एकात तारीख. अजून दोन कपाटं बाकी आहेत. माझं टाइपिंग काढून घेतलं, ते योग्यच झालं. आता मी पेशंटांची नावं नोंदवतो, आणि नाव सांगताना माणसं माझ्याकडे तोंड करून उभी राहतात.

सरांचं पाकीट मात्र माझ्या खणातच होतं. ते न्यायला आले नाहीत. शाळेत रजा टाकली आहे, असं सिस्टरला कुठूनसं कळलं. मॅडम मला स्पष्ट म्हणाल्या होत्या, त्यांच्याकडे मी बघते, तुम्ही जाऊ नका. पण माझ्या जिवाला चैन नव्हती. मॅडमना सांगितलं, बायकोला आधीपासूनच ठाऊक होतं, ज्यांचं वाटोळं केलं त्यांनाच तेवढं यंत्राचं खोटं ऐकवलेलं. त्यांना खरं सांगितलं पाहिजे, असं मी घोकत राहिलो. त्यांच्यासाठी की स्वतःच्या झोपेसाठी, हे विचारायचं मी टाळलं. फाइलमधून पत्ता उतरवून घेतला आणि एका संध्याकाळी पाकीट घेऊन गेलो. त्यांच्या बायकोला काही माहीत नाही, हे वाक्य मी स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं. तरी गेलो. याला काय म्हणायचं ते म्हणा.

तीन मजली साधी इमारत होती. सर दुसऱ्या मजल्यावर राहत होते. बेल दाबली, आतून आवाज आला असेल-नसेल. दार सरांनीच उघडलं. घरातला पायजमा-शर्ट, नाकावर चष्मा, हातात लाल पेन. रजेवर असूनही वह्या तपासत होते. मला पाहून त्यांनी दार अर्धं पुढे लोटलं आणि मधल्या फटीत उभे राहिले. मी रस्ताभर पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली.

"सर, यंत्र खराब नव्हतं. मला ऐकू येत नाही. माझ्या कानांचा दोष आहे."

सरांनी झटकन हात वर केला. मी मोठ्याने बोलत होतो. ज्याला ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो, आणि त्याला ते कळत नाही. आतल्या खोलीत दिवा होता, पडद्यामागे कुणीतरी उठून उभं राहिल्याची सावली दिसली. मी आवाज खाली आणला, निदान तसं मला वाटलं, आणि माफी मागितली. पाकीट पुढे केलं. सरांनी ते घेतलं. मग ते काहीतरी बोलले. अगदी हळू बोलले, ओठ जेमतेम हलवून. दोन वाक्यं असावीत.

मला एक शब्द कळला नाही.

दोन वर्षं मी अशा वेळी मान डोलावत आलो होतो. डोलावली की काम भागतं. समोरचा समजतो, कळलं. पण या माणसापुढे ते करणं मला शक्य झालं नाही.

"सर, ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

त्यांनी मागे पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कंटाळा होता, आणि त्यामागे एक गयावया होती. गणिताच्या सरांच्या तोंडावर ती बघायची वेळ कुणावर येऊ नये. त्यांनी पाकीट दाराच्या चौकटीवर टेकवलं आणि लाल पेनाने पाठीमागे लिहिलं. अक्षर सुंदर होतं, फळ्यावर लिहून लिहून सरळ झालेलं. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

'तिला अजून कळलेलं नाही. मी सांगणार आहे. कृपा करून पुन्हा येऊ नका.'

मी वाचलं. त्यांनी पाकिटाची चौपदरी घडी घातली आणि शर्टाच्या आत, बनियनच्या कडेला खोचली. पडदा सरकला आणि त्यांची बायको दाराशी आली. हसरी, ठेंगणी बाई होती. कोण आलंय, असं तिने विचारलं असणार. सर तिच्याकडे वळले आणि वर्गात बोलावं तसं मोकळ्या आवाजात म्हणाले, "कुणी नाही गं. यांना वरच्या मजल्यावर जायचंय, चुकून आपली बेल दाबली."

हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. बाई माझ्याकडे बघून हसली आणि तिने हाताने जिन्याकडे दाखवलं, वर, असं. मी तिचे आभार मानले. खाली जाणं शक्यच नव्हतं.

मी जिना चढून वर गेलो. वर दोन दारं होती. एकाला कुलूप होतं, दुसऱ्याच्या बाहेर कुणाच्या तरी चपला होत्या. मी कुलूप असलेल्या दारासमोर उभा राहिलो. कुणी आलं असतं तर काय सांगणार होतो, मला माहीत नाही. खालचं दार लागलं की गुपचूप उतरून जायचं होतं. पण दार लागल्याचा आवाज मला येणार नव्हता, सर ते फार हलकेच लावतात. म्हणून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.